लिंबू रंगाची अर्धी पाठ

भाभी गेल्या, त्याला आता वर्ष होत आलं. मागच्या आठवड्यात त्यांच्या मुलानं लोकरीची दोन गाठोडी माझ्या दारात आणून ठेवली. "मम्मीनं सांगून ठेवलं होतं, बाईंकडंच द्या म्हणून," एवढंच तो बोलला आणि चहालाही न थांबता गेला. गाठोडी मी अजून सोडलेली नाहीत. त्यांना डांबराच्या गोळ्यांचा वास येतो, आणि त्या वासासरशी जुन्नरच्या बाजारपेठेतली एक मागची पडवी समोर उभी राहते. मला लिहायला वेळ लागतो. एक वाक्य लिहावं, उठून खिडकीशी जावं, परत येऊन बसावं, असं चाललं आहे. तरी जे आठवतं ते लागेल तसं लिहून काढायचं ठरवलं आहे.

नव्वदीच्या दशकाच्या मधली ती वर्षं. मी जुन्नरला एका शाळेत शिकवत होते. नवरा पाटबंधारे खात्यात, डिंभ्याच्या धरणावर. तिकडची एसटी कधी यायची, कधी यायचीच नाही, म्हणून तो शनिवारी संध्याकाळी येई आणि सोमवारी पहाटे जाई. मधले दिवस मी आणि माझी पुस्तकं. आमची भाड्याची खोली एका कापडाच्या दुकानाच्या माडीवर होती. दुकानामागं मालकांचं घर, आणि त्या घरातली थोरली सून म्हणजे भाभी. घराणं मूळचं राजस्थानातलं, पण जुन्नरात त्यांच्या पिढ्या गेलेल्या. देवळात आणि सासूबाईंशी त्या त्यांची बोली बोलत, बाकी सगळीकडं मराठी. गाव त्यांना भाभी म्हणे, म्हणून मीही भाभी म्हणायला लागले. वयानं त्या माझ्याहून फार मोठ्या नव्हत्या.

थंडीच्या तोंडाशी दुकानात लोकरीच्या लडी येत. संक्रांतीनंतर उरत त्या भाभींच्या हाती लागत आणि पडवीतल्या लोखंडी पेटीत जात. पेटी त्यांची, पण लोकर पडवीत बसणाऱ्या सगळ्यांची. कुणाचा स्वेटर होऊन गुंडा उरला की पेटीत टाकायचा, कुणाला बाहीपुरता तपकिरी कमी पडला की पेटीतून काढायचा. विचारायचं नाही, फक्त काढताना मोठ्यानं बोलायचं, "तपकिरी नेते गं." नमुन्यांचंही तसंच होतं. हिंदी मासिकांच्या थंडीच्या अंकात विणी छापून येत. त्या मी आलेखाच्या कागदावर उतरवायची: रिकामा चौकोन म्हणजे सुलट टाका, भरलेला म्हणजे उलट. मला ते फार आवडायचं. शांत काम होतं.

पडवीतली तिसरी कायमची बाई म्हणजे डिंगोऱ्याच्या मावशी. रविवारच्या बाजाराला नवऱ्याबरोबर तरकारी घेऊन येत. पाट्या रिकाम्या झाल्या की नवरा चहाच्या हॉटेलात आणि या पडवीत, परतीची जीप भरेपर्यंत. त्या सायकलच्या चाकाच्या तारांवर विणत. तारांची टोकं त्यांनी दगडावर घासून गोल केली होती. माझे चौकोन मात्र त्यांना मुळीच पटत नसत.

"हे तुमचं चौकोनाचं वावर मला नगा दावू, बाई. इनून दावा."

मग मी तेवढी वीण विणून दाखवायची. अशी एक लांबलचक पट्टी तयार झाली होती, एकाखाली एक नमुने विणलेली. ती घरोघर फिरायची आणि दर वेळी थोडी वाढून परत यायची.

आमच्या पडवीची आणखी एक रीत होती. ती कुणी सुरू केली ते कुणालाच सांगता येत नसे. आलेल्या बाईनं आधी दुसरीच्या सुईवर एक ओळ घालायची आणि मगच पिशवीतून आपलं काम काढायचं. त्यामुळं तिथं झालेल्या प्रत्येक स्वेटरात सगळ्यांचे हात असत. मावशींचा हात घट्ट, माझा सैल, भाभींचा सारखा. स्वेटर उन्हात धरला की मावशींची ओळ लगेच दिसायची, नांगरटीत दगड लागावा तशी. पण कुणी ती उसवत नसे. आणि कुणाची पिशवी कधी बंद नसे.

म्हणूनच त्या वर्षी दिवाळीनंतर भाभींची पिशवी बंद दिसली, तेव्हा मला ते इतकं लागलं.

त्या वर्षी मला दिवस होते. तिसऱ्यांदा. आधीची दोन्ही मुलं राहिली नव्हती. दुसऱ्या वेळी माझ्या आईनं पेठेला, माझ्या माहेरी, नवं कापड आणून झबली शिवून ठेवली होती. ती झबली पुढं कुठं गेली, ते मी तिला कधी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. या वेळी मात्र येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर तिचा एकच निरोप असे: काही आणायचं नाही, काही शिवायचं नाही, काही विणायचं नाही. बाळ जन्मलं की जुन्या लुगड्यात घेऊ. नवं सगळं बारशाला.

मी शिकलेली बाई. ग्रहण लागलं की वर्गातल्या मुलांना मैदानावर नेणारी, कागदाला भोक पाडून सूर्य दाखवणारी. पण त्या महिन्यांत मी आईच्याही पुढं गेले. घरातली बादली फुटली होती, ती मी बदलली नाही; नवी आणली तर ती बाळाच्या अंघोळीचीच होईल असं मनात यायचं. कपाटातला एक खण रिकामा झाला, तर त्यात घाईघाईनं जुनी वर्तमानपत्रं भरून ठेवली. नवऱ्यानं नावाचा विषय काढला, तेव्हा मी उठून चहा करायला गेले. विणायला फक्त मफलर घ्यायची. मफलर कुणाचाही असू शकतो.

मावशींनाही हे सगळं मान्य होतं. त्यांनी तर पेटीतली लहान मुलांची पातळ, मऊ लोकर स्वतःच्या हातानं तळाला घातली आणि वर काळ्या-करड्या लडी रचल्या. "हिकडं नजर जाया नगं," म्हणाल्या. शेजारपाजारच्या ज्या बायका नातवंडांची टोपडी विणायच्या, त्यांनी ती त्या थंडीत पडवीत आणली नाहीत. त्यांना कुणी सांगितलंही नव्हतं.

शाळेतून आल्यावर मी हळूहळू जिना उतरून पडवीत जायची. मी दिसले की भाभी मांडीवरचं काहीतरी कापडी पिशवीत सारत, पिशवी पाण्याच्या पिंपामागं ठेवत, आणि दुसरं काम पुढं ओढत. तो त्यांच्या मालकांचा, म्हणजे नवऱ्याचा, करड्या रंगाचा बिनबाह्यांचा स्वेटर होता.

"या बाई, घाला ओळ."

मी ओळ घालायची. पहिले काही दिवस काही लक्षात आलं नाही. मग एकदा ते करडं काम हातात घेतलं आणि बघत राहिले. वरची ओळ सैल होती, म्हणजे माझी, कालची. तिच्याखालचीही सैल, म्हणजे माझीच, परवाची. त्याच्याखालचीही. माझ्या ओळीवर माझीच ओळ चढत होती. भाभी त्या स्वेटरला हातच लावत नव्हत्या. ज्या बाईचे हात दुपारभर थांबत नसत, पर्युषणात सुया बाजूला ठेवायच्या म्हटलं की जिला बोटं चोळत बसावं लागे, ती दिवसभर विणत होती काय?

एकदा त्या पाणी द्यायला वाकल्या तेव्हा पदराला लोकरीचा एक केस चिकटलेला दिसला. लिंबू रंगाचा. पेटीच्या तळाची लोकर.

मी पाणी प्यायले. भांडं खाली ठेवून पदर अंगाभोवती ओढून घेतला, तर त्या म्हणाल्या, "थंडी वाजते का, बाई?"

"नाही," म्हणाले.

त्यांना विचारता आलं असतं. पण विचारायचं म्हणजे 'हे माझ्या बाळासाठी आहे का' असं म्हणावं लागणार, आणि ते शब्द तोंडातून काढायची माझी तयारी नव्हती. मग मी वर खोलीत पडून ऐकत राहायची. भाभींच्या सुया अ‍ॅल्युमिनियमच्या होत्या. खाली रस्त्यावर गाडी नसली, शेजारच्या टीव्हीवरची दुपारची हिंदी मालिका संपलेली असली की त्यांची टिकटिक जिन्यातून वर यायची. मी मनात हिशेब करायची. आता पाठ चालू असेल. पाठीनंतर पुढचा भाग. मग बाह्या, मग गळा. भाभींचा हात चालतो किती भरभर! एखाद्या दुपारी पोटातली हालचाल जरा थांबली की वाटायचं, आज काय संपलं असेल? आणि थोड्या वेळानं बाळ हललं की मी उशीत तोंड घालून पडायची. स्वेटर पुरा होऊ नये एवढंच मी मागत होते. कुणाकडं मागत होते ते ठाऊक नाही. देवाचं नाव घेतलं तर त्यालाही कळेल, असंही वाटायचं.

असं बरेच दिवस चाललं. मग एका रविवारी मी पडवीत बसले असताना मावशी आल्या, पाट्या भिंतीशी टेकवल्या, भुईवर बसल्या आणि म्हणाल्या, "आण भाभी, तुझ्या सुईवर वळ घालते आन मग चहा घेते. आज कोथमिरीनं पार रडवलं."

भाभी आत दूध तापवत होत्या. मावशींना पिंपामागं पिशवी दिसली. रीतीप्रमाणं त्यांनी ती ओढली, हात घातला, आणि काम बाहेर काढलं.

लिंबू रंगाची इवलीशी पाठ. खाली दोन सुलट दोन उलट अशी पट्टी, वर साधी सुलट वीण, काखेच्या जवळ येत आलेली. सुई अजून तिच्यात होती.

"आगं बया," मावशी म्हणाल्या. "हे कुणाचं?"

भाभी लगबगीनं बाहेर आल्या. "मावशी, द्या इकडं."

"कुणाचं म्हन्ते मी."

मावशींनी माझ्याकडं बघितलं, पोटाकडं बघितलं, आणि त्यांचा आवाज चढला.

"भाभी, तुला अक्कल हाय का गं? दुकानाची मालकीन तू, चार मान्सांत उठती-बसती—"

"मालकीण सासूबाई आहेत."

"सांगू का मग सासूबाईंना?"

"मावशी, पुरं कुठं केलंय मी? नुसती पाठ तर आहे. पाठीला काय होतं?"

"आज पाठ, उंद्या पोट. आन परवा गळ्याला बटनं लावशीला. उसव आधी. माझ्या म्होरं उसव."

भाभी भिंतीला टेकून खाली बसल्या. त्या माझ्याकडं न बघता बोलत होत्या. "मला राहवत नाही हो. या जिना चढतात ना, एकेका पायरीवर थांबत, तो आवाज ऐकला की मी पायऱ्या मोजत बसते. मग एक ओळ घालते. ओळ संपेस्तोवर बरं वाटतं."

"मग जप कर. तुमच्यात माळ न्हाई का?"

"माळ पण करते. माळ करून मग ओळ घालते."

मावशींनी कपाळावर हात मारला. पण पाठ त्यांनी सोडली नाही, भाभींच्या मांडीवर ठेवली आणि सुईकडं बोट केलं. भाभींनी सुई काढली. धाग्याचं टोक ओढलं. टरटर आवाज करत पहिली ओळ निघाली.

उसवलेली लोकर कुणाच्या तरी हातावर गुंडाळून घ्यायची आमची सवय. मी नकळत दोन्ही हात पुढं धरले, आणि भाभींनीही नकळत धागा माझ्या हातांवर घ्यायला सुरुवात केली. विणीत बसलेली लोकर सरळ निघत नाही, तिला टाक्यांची वळणं पडलेली असतात. ती नागमोडी लोकर माझ्या मनगटांवर जमत होती, अजून त्यांच्या मांडीची ऊब असलेली. ओळीमागून ओळ जात होती. पाठ खालीखाली येत होती. इतके दिवस मला ती वाढण्याचं भय होतं. आता ती कमी होताना बघवेना. आत बाळ अगदी निश्चल होतं. मी वाट पाहिली. आणखी एक ओळ गेली, आणखी एक, तरी ते हललं नाही.

"थांबा," मी म्हणाले. स्वतःलाच दचकवील इतक्या मोठ्यानं म्हणाले. "उसवू नका."

भाभींचा हात जागच्या जागी थांबला.

मावशी म्हणाल्या, "मग करायचं काय? इनायचं बी न्हाई आन उसवायचं बी न्हाई?"

"तसंच ठेवा."

"तसंच म्हंजी?"

"आहे तसं. तेवढंच."

मावशींनी सुई उचलून भाभींच्या हातात दिली. मग म्हणाल्या, "बरं. ऱ्हाऊ दे. पर वळ वाढली न्हाई पायजे." भाभींनी सगळे टाके परत सुईवर घेतले, नागमोडी लोकरीचा गुंडा केला, आणि दोन्ही गोष्टी पेटीच्या तळाला ठेवल्या. चहा निवून गेला होता. तो तसाच प्यायलो.

त्यानंतर माझी काळजी संपली असं नाही, फक्त तिनं जागा बदलली. आता मी सुयांचा आवाज ऐकत नव्हते. आता वाटायचं, पेटीत उंदीर तर शिरणार नाही? वरच्या लडींच्या ओझ्यानं सुई निसटली असेल का? एक टाका गळला की त्याच्याखालचा सुटतो, मग त्याच्याखालचा. भाभींना ते कळत असावं. अधूनमधून त्या कारण नसताना पेटी उघडत, तळाशी हात घालून चाचपत, आणि मला ऐकू जाईल असं म्हणत, "आहे सगळं नीट."

दिवस भरायला अजून अवकाश होता. मला पेठेला आईकडं जायचं होतं ते पुढच्या आठवड्यात. पण पौषातल्या एका शनिवारी सकाळी जिन्यातच मला कळा सुरू झाल्या. भाभींच्या मालकांनी रिक्षा आणली. दवाखाना गावातलाच, एका डॉक्टरांचा, चार-सहा खाटांचा. दुपारी मुलगी झाली. रडली, पण मांजराच्या पिलासारखी. डॉक्टर म्हणाले, श्वास ठीक आहे, पण वजन फारच कमी आहे, ऊब टिकत नाही. उद्या संध्याकाळपर्यंत इथं ठेवू, पाय गार पडायला लागले तर पुण्याला न्यावं लागेल. पुणे म्हणजे त्या थंडीत, तेवढ्या जिवाला घेऊन, जीपमधून इतका वेळ. डिंभ्याला फोन केला तर कळलं, कालव्याला पाणी सोडायचं आवर्तन चालू आहे, नवरा साइटवर आहे, निरोप देतो. आई संध्याकाळच्या एसटीनं पेठेहून आली, बरोबर जुनं मऊ लुगडं घेऊन.

बाळाला कापसात गुंडाळून एका लाकडी खोक्यात ठेवलं होतं. वर मोठा दिवा लोंबत होता. ती रात्र तशीच गेली आणि रविवार उजाडला. मी दर थोड्या वेळानं तिच्या पायाला बोट लावायची आणि मला कळायचंच नाही, तिचा पाय गार आहे की माझं बोट.

रविवारी दुपारी वीज गेली.

दिवा विझला तसा खोलीतला उजेडच बदलला. तिथल्या वयस्क सिस्टरनं एक क्षणही घालवला नाही. बाळाला उचललं, माझ्या छातीवर पालथं घातलं, वरून लुगड्याची घडी टाकली. "लोकरीचं काही आहे? हलकं पाहिजे. ही शाल नको, हिच्या ओझ्यानं श्वास घ्यायलाच दमेल ती. लहान मुलाचं काही नाही आणलं तुम्ही?"

आई पायथ्याशी बसली होती. तिनं मान खाली घातली.

भाभी सकाळपासून दाराशी उभ्या होत्या. त्या जवळ आल्या, वाकल्या, आणि अगदी हळू म्हणाल्या, "बाई, आणू?"

काय ते आम्हा दोघींनाच कळत होतं. मी बाळाच्या डोक्याकडं बघितलं. माझ्या मुठीएवढं ते डोकं. आणा म्हटलं आणि काही झालं, तर आयुष्यभर हा एक शब्द माझ्या अंगाला चिकटून राहणार होता. न म्हणता काही झालं, तर तेही.

"आणा," मी म्हणाले. आईनं तोंड भिंतीकडं केलं, पण नको म्हणाली नाही.

भाभींना मी कधी पळताना पाहिलं नव्हतं. पिशवी घेऊन परत आल्या तेव्हा मागं मावशीही होत्या, हातात रिकामी पाटी तशीच. बाजार आटोपून पडवीत आल्या, तर भाभी पेटी उपसत बसलेल्या दिसल्या, एवढं त्यांनी दारातूनच सगळ्यांना सांगितलं.

सिस्टरनं पाठ हातात घेतली. "हे काय, सुई? बाळाजवळ?"

"अहो, थांबा, टाके—" भाभी म्हणाल्या. पण सिस्टरनं सुई ओढून ट्रेमध्ये टाकलीसुद्धा. पाठ बाळाच्या अंगावर पसरली. ती अर्धीच पाठ तिला खांद्यापासून पावलांपर्यंत पुरली.

उघडी ओळ माझ्या हनुवटीखाली आली, बाळाच्या मानेशी. मोकळे टाके, एकाला एक लागून, कशातही न अडकलेले. बाळानं श्वास घेतला की ओळ किंचित ताणायची आणि टाके आत ओढले जायचे. सोडला की परत वर यायचे. माझ्या डोळ्यांदेखत कडेचा एक टाका निसटला. मग त्याच्याखालचा. मी दोन्ही हातांच्या चिमटीत ती ओळ धरली.

"ओढू नका," भाभी म्हणाल्या. "नुसतं धरा." आणि ट्रेकडं हात केला.

"सुई तशी मिळायची नाही," सिस्टर म्हणाली. "उकळून देईन. तोवर बसा."

स्टोव्हवर पाण्याचं भांडं चढलं, भाभींनी पिशवीतली जोडीची दुसरी सुईही त्यात टाकायला दिली. तेवढ्यात मावशींनी अंबाड्यातला आकडा काढला आणि तो गळका टाका पकडायला पुढं झाल्या.

"अहो मावशी! डोक्यातला आकडा?"

"मग त्यो बी उकळा की! पानी हायेच."

आणि सिस्टरनं खरोखरच तो घेतला आणि भांड्यात टाकला. आई हसली. त्या दोन दिवसांत खोलीत कुणी हसण्याची ती पहिली वेळ. मला हसता येत नव्हतं, कारण हसले असते तर छाती हलली असती. मी श्वासही अर्धाच घेत होते.

पाणी उकळायला किती वेळ लागतो! बोटं भरून आली. मला वाटत होतं, मी लोकर धरली आहे तोवर तिचा श्वास चालेल. असलं काही नसतं, हे मला माहीत होतं. तरी मी चिमटी सोडली नाही.

सुया आल्या. भाभींनी हात कोपरापर्यंत धुतले, पदर खोचला, आणि खाटेच्या कडेवर बसल्या. बाळाच्या अंगावरून पाठ न हलवता त्या एकेक टाका सुईवर घेऊ लागल्या. श्वास आत गेला की थांबायच्या, बाहेर आला की सुईचं टोक टाक्यात सरकवायच्या. एक टाका झाला की मी तेवढीच चिमटी सोडायची. मावशी आधी मोठ्यानं मोजत होत्या, मग पुटपुटत, मग गप्प झाल्या. गळलेला टाका शेवटी राहिला. भाभींनी तो उकळलेल्या आकड्यानं वर चढवला, तेव्हा त्यांच्या नाकावरून घामाचा एक थेंब माझ्या हातावर पडला. पौषात.

ती मुलगी आता पुण्यात नोकरी करते आणि तिला लोकर टोचते. कुठलाही स्वेटर ती अंगावर ठेवत नाही. हे मी भाभींना सांगितलं होतं तेव्हा त्या खूप हसल्या होत्या. पण त्या दुपारी यातलं काही आम्हाला ठाऊक नव्हतं. वीज आली नव्हती. बाहेर बाजार उठत होता, जीपवाले डिंगोरे-डिंगोरे ओरडत होते, आणि मावशी जागच्या हलल्या नाहीत.

"बंद करू का, बाई?" भाभींनी विचारलं. टाके बंद केले की पुन्हा गळायची भीती नाही. पण मग तो तुकडा तेवढाच राहणार, एक चौकोन.

मी बाळाच्या मानेवर बोट ठेवलं. या वेळी मला कळलं. बोट गार होतं, मान नव्हती.

"नको," मी म्हणाले. "विणा पुढं."

भाभींनी पिशवीतून तो नागमोडी लोकरीचा गुंडा काढला, मांडीवर ठेवला, आणि बाळ पाठीखाली झोपलेलं असतानाच पुढची ओळ सुरू केली. वेड्यावाकड्या लोकरीची ओळ वेडीवाकडीच येत होती. वीज परत आली तेव्हा संध्याकाळ व्हायला लागली होती. डॉक्टर आले, कोपरा उचलून पावलं हातात घेतली, जरा वेळ तशीच धरून ठेवली. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते.

"आज नको पुण्याला," ते म्हणाले. "उद्या बघू."

ते बाहेर गेले. भाभींनी थांबलेली ओळ पुरी केली आणि कामाकडं मान तिरकी करून बघितलं. "उद्यापर्यंत खांद्याला येईल."

"बाह्यांना मी हाय," मावशी म्हणाल्या.

मी गुंड्याकडं बघितलं. तो बराच लहान झाला होता, पुढचा भाग अजून सगळाच व्हायचा होता, आणि त्या रंगाची लोकर दुकानात या वर्षी आलेली मी पाहिली नव्हती.

"दोन्ही बाह्यांना पुरेल का?" मी विचारलं.